एक्स्पोर्ट मारण्याआधी: फॉरमॅट, कोडेक आणि बिटरेट कोणत्या क्रमाने ठरवायचे

एडिटिंग रात्री अडीचला संपतं. एक्स्पोर्टची खिडकी उघडते, एच.२६४, हाय बिटरेट, ओके. सकाळी तीच एक फाईल टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर जाते, यूट्यूबवर चढते, व्हॉट्सॲपवर फिरते आणि संध्याकाळी कार्यालयातल्या एलईडी भिंतीवरही लागते. मग फोन सुरू होतात. टीव्हीवर नुसता आवाज येतोय. मिरवणुकीत गुलाल उधळला की चित्राचे चौकोन होतायत. मंगलाष्टकांच्या शेवटी ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

हे सगळे दोष टाळता येतात, आणि त्यासाठी महाग मशीन लागत नाही. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, झोपेच्या तारेत निवडला जातो, तो सगळ्यात आधी ठरायला हवा. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, फक्त टप्पा ६ मधलं आवाजाचं काम मास्टर काढण्याआधी उरका. मधला एखादा गाळला तर पुढचा निरर्थक होतो.

## आधी दोन शब्द वेगळे करा

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, एमएक्सएफ हे कंटेनर, म्हणजे डबे. एच.२६४, एच.२६५, प्रोरेस, डीएनएक्सएचआर हे कोडेक, म्हणजे डब्यात चित्र कसं दाबून भरलंय ती पद्धत. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती भरली तो आकडा. क्लायंट म्हणाला "एमपी४ द्या", तर त्याने फक्त डबा सांगितला. एका एमपी४मध्ये ८ बिटचं एच.२६४ असू शकतं आणि दुसऱ्यात १० बिटचं एच.२६५ (बिट जास्त तितक्या रंगाच्या पायऱ्या जास्त). पहिली फाईल दहा वर्षं जुन्या टीव्हीवरही चालेल, दुसरी चालेलच असं नाही. फाईलच्या नावापुढचं एमओव्ही खोडून एमपी४ लिहिल्याने आतलं काहीच बदलत नाही.

कोडेकच्याही दोन जाती आहेत. एच.२६४ आणि एच.२६५ हे पोहोचवण्याचे कोडेक. त्यात ठरावीक अंतराने एक पूर्ण फ्रेम साठवतात आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते. त्यामुळे फाईल लहान होते, पण पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट केली की प्रत्येक वेळी चित्र झिजतं. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर हे कामाचे कोडेक. त्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्र आणि पूर्ण असते. फाईल अवाढव्य होते, पण तिच्यातून कितीही प्रती काढल्या तरी डोळ्याला नुकसान दिसत नाही.

## टप्पा १: फाईल कुठे चालणार ते कागदावर लिहा

मनात नको, कागदावर. काम घेतानाच विचारा: टीव्हीवर पेनड्राइव्ह लावून बघणार का? टीव्ही साधारण किती जुना? यूट्यूबवर टाकणार का? रील हवं का? स्वागत समारंभात पडद्यावर दाखवायचं आहे का? लघुपट असेल तर महोत्सवाला पाठवणार का?

प्रत्येक उत्तरासाठी वेगळी प्रत निघते. सगळीकडे चालणारी एकच फाईल काढायचा हट्ट धरला की ती फाईल सगळीकडे जेमतेम चालते.

## टप्पा २: टाइमलाइन तपासा

एक्स्पोर्टमध्ये दिसणाऱ्या निम्म्या चुका टाइमलाइनमध्येच बसलेल्या असतात.

फ्रेम रेट. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. म्हणून कॅमेरा २५ किंवा ५० फ्रेमवर, शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइट आणि एलईडी माळांचा लुकलुकाट बहुतेक टळतो. फोन मात्र सांगितलं नाही तर ३० वर शूट करतो. २५च्या टाइमलाइनवर ३०ची क्लिप टाकली की दर सेकंदाला ५ फ्रेम गळतात आणि कॅमेरा फिरताना चित्र हिसके देतं. उलट, २५ची टाइमलाइन ३० वर एक्स्पोर्ट केली की दर सेकंदाला ५ फ्रेम दोनदा येतात, हिसके तेच. नियम सोपा आहे: टाइमलाइन जितक्या फ्रेमची, एक्स्पोर्ट तितक्याच फ्रेमचा.

बदलता फ्रेम रेट. फोनचं शूटिंग, स्क्रीन रेकॉर्डिंग आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिप यांचा फ्रेम रेट स्थिर नसतो. प्रकाश कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो. अशी क्लिप टाइमलाइनवर लांबलचक टाकली की सुरुवातीला ओठ जुळतात आणि दहा मिनिटांनी निसटतात. अशा क्लिप एडिटिंगच्या आधीच हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून काढून घ्या. एडिट झाल्यावर हे करायला गेलात तर सगळे कट हलतील.

> ओळखायचं कसं: आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागे-पुढे असेल तर क्लिप सरकलेली आहे, ती जागेवर आणा. फरक हळूहळू वाढत असेल तर फ्रेम रेट बदलता आहे किंवा आवाजाचा सॅम्पल रेट चुकलाय.

एचडीआर फोन क्लिप. नव्या आयफोनवर एचडीआर (जास्त उजेडाचं आणि रंगांचं) रेकॉर्डिंग बहुधा आधीपासून चालूच असतं. ती क्लिप साध्या रेक. ७०९ (एचडी टीव्हीचं रंगाचं मानक) टाइमलाइनवर टाकली की चेहरे पांढरेफटक दिसतात. नवखा एडिटर मग ब्राइटनेस खाली ओढत बसतो. तसं करू नका. एडिटिंग प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये असेल तर टोन मॅपिंग (एचडीआरचा उजेड साध्या पडद्यात बसवणं) चालू करा, रिझॉल्व्हमध्ये असेल तर कलर मॅनेजमेंटमधून क्लिपचा कलर स्पेस बरोबर सांगा. ज्याची प्रत टीव्हीवर आणि यूट्यूबवर जायची आहे त्याची टाइमलाइन रेक. ७०९चीच ठेवा.

इंटरलेस. जुन्या कॅमेऱ्यांचं १०८०आय फुटेज, म्हणजे प्रत्येक फ्रेम सम-विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत (फील्ड) विभागलेली, आलं असेल तर हलत्या हातांच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. क्लिपच्या गुणधर्मात फील्ड ऑर्डर बरोबर आहे ना ते बघा, डीइंटरलेस करा आणि एक्स्पोर्ट प्रोग्रेसिव्हच (पूर्ण फ्रेमचा) ठेवा.

देवनागरी टायटल. हा कोडेकचा मुद्दा नाही, पण एक्स्पोर्ट पुन्हा मारायला लावणारं हे पहिल्या नंबरचं कारण आहे. प्रीमियरमध्ये वेलांटी पुढे उडी मारते, जोडाक्षर फुटतं, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा आणि प्रत्येक टायटल पुन्हा वाचा. प्रोजेक्ट दुसऱ्या मशीनवर उघडला असेल तर फॉन्ट बदललाय का तेही बघा. नवरदेवाच्या आडनावाची वेलांटी गेली तर बाकी कितीही चांगलं केलेलं कोणाच्या लक्षात राहत नाही.

## टप्पा ३: आधी एक मास्टर काढा

टीव्हीची प्रत, यूट्यूबची प्रत, रील, सगळं टाइमलाइनवरून वेगवेगळं काढण्यापेक्षा आधी एकच मास्टर काढा आणि बाकीच्या प्रती त्यातून. एकदा मास्टर पूर्ण बघून पास केला की पुढच्या प्रतींमध्ये एडिटिंगची चूक शिरू शकत नाही. सहा महिन्यांनी क्लायंटला आणखी एक प्रत हवी झाली तर प्रोजेक्ट उघडून हरवलेल्या क्लिप शोधत बसावं लागत नाही.

कोणता कोडेक? १०८०पी, २५ फ्रेमला आकार असे पडतात:

- प्रोरेस ४२२ एलटी: सुमारे ८५ मेगाबिट प्रतिसेकंद, तासाला ३८ जीबी
- प्रोरेस ४२२: सुमारे १२२ मेगाबिट, तासाला ५५ जीबी
- प्रोरेस ४२२ एचक्यू: सुमारे १८४ मेगाबिट, तासाला ८३ जीबी

४के यूएचडीला हे आकडे चौपट होतात. एक तासाचा एचक्यू मास्टर ३३२ जीबीच्या आसपास जातो. डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा. नव्वद टक्क्यांवर 'डिस्क फुल' वाचायला मिळालं तर रात्र गेली.

आमचं मत असं: साध्या ८ बिट कॅमेऱ्यावर शूट केलेल्या लग्नाला प्रोरेस ४२२ पुरतं, लांबलचक कार्यक्रमाला एलटीसुद्धा. एचक्यू तिथे डिस्कची उधळपट्टी आहे. नळाचं पाणी चांदीच्या तांब्यात भरलं म्हणून गंगाजल होत नाही. १० बिट लॉग फुटेज (मुद्दाम फिकं शूट केलेलं) असेल, ग्रेडिंग म्हणजे रंगकाम जड असेल किंवा काम थिएटरात जाणार असेल तर मात्र एचक्यूच घ्या.

डीएनएक्सएचआर वापरत असाल तर नावात फसू नका. त्यातलं 'एचक्यू' ८ बिट आहे, १० बिट हवं असेल तर 'एचक्यूएक्स' निवडावं लागतं. पावसाळ्यातल्या सिंहगडावरचं धुकं घ्या. करड्यातून पांढऱ्यात जाणारा सलग उतार. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या मिळतात, १० बिटमध्ये १०२४. ग्रेडिंगमध्ये कॉन्ट्रास्ट ताणला की २५६ पायऱ्यांच्या धुक्यात पट्टे उमटतात, नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे. मास्टरमध्ये एकदा पट्टे आले की पुढच्या कुठल्याच प्रतीत ते जात नाहीत.

पारदर्शक पार्श्वभूमीचं टायटल किंवा लोगो दुसऱ्या एडिटरला द्यायचा असेल तर प्रोरेस ४४४४, अल्फा चॅनलसह. एच.२६४च्या एमपी४मध्ये पारदर्शकता टिकत नाही, तिथे काळं पडतं.

> मास्टर सुरू करण्याआधी तीन खुणा बघा. प्रीमियरमध्ये 'यूज प्रीव्ह्यूज' बंद हवं, नाहीतर हलक्या दर्जाचे प्रीव्ह्यू थेट मास्टरमध्ये जातात. प्रॉक्सी, म्हणजे हलक्या तात्पुरत्या प्रती, वापरून एडिट केलं असेल तर एक्स्पोर्टमध्ये प्रॉक्सीची खूण काढलेली हवी. आणि टाइमलाइनवर लाल 'मीडिया ऑफलाइन' एकही नको.

विजेचाही विचार करा. एमपी४ आणि एमओव्हीमध्ये फाईलची अनुक्रमणिका साधारणपणे एक्स्पोर्ट संपताना लिहिली जाते. मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळी ९५ टक्क्यांवर लाईट गेली तर हाती पंचाण्णव टक्के व्हिडिओ येत नाही, न उघडणारी फाईल येते. डेस्कटॉपला यूपीएस लावा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून स्लीप मोड बंद करा.

## टप्पा ४: बिटरेट हिशेबाने ठरवा

प्रीसेटवर भरवसा ठेवण्यापेक्षा एक गणित पाठ करा: मेगाबिटमधला बिटरेट गुणिले साडेसात म्हणजे दर मिनिटाला किती मेगाबाइट. १० मेगाबिटला मिनिटाला ७५ एमबी. १६ मेगाबिटला १२० एमबी, म्हणजे दोन तास वीस मिनिटांचं लग्न १६.८ जीबी. उलटंही करता येतं: आकार ठरलेला असेल तर एमबीला मिनिटांनी भागा, मग साडेसातने भागा.

किती बिटरेट लागेल हे चित्रात काय हलतंय त्यावर ठरतं, लांबीवर नाही. एच.२६४ची बचत 'मागच्या फ्रेमसारखंच आहे' एवढ्यावर चालते. व्याख्यानात वक्ता उभा, पडदा स्थिर, कॅमेरा ट्रायपॉडवर. कोडेकला काम नाही, १०८०पीला ८ मेगाबिट भरपूर. आता विसर्जन मिरवणूक घ्या. लक्ष्मी रस्त्यावर पथक वाजतंय, ध्वज फिरतोय, वरून गुलाल आणि झेंडूच्या पाकळ्या. हवेतला गुलालाचा प्रत्येक कण दर फ्रेमला नव्या जागी असतो. मागच्या फ्रेममधून घेण्यासारखं कोडेकला काहीच सापडत नाही. ठरलेल्या बिटमध्ये बसवायचं म्हणून तो बारकावे टाकून देतो आणि तुम्हाला चौकोन दिसतात. अशा कामाला १०८०पीला २० ते २५ मेगाबिट द्या. लग्नाला १२ ते १६ पुरतात, कारण अक्षता उधळण्याचे क्षण थोडेच असतात आणि बदलत्या बिटरेटमध्ये त्यांच्यासाठी जास्त बिट वळवता येतात.

गुलाल आणखी एका कारणाने त्रास देतो. पोहोचवण्याच्या प्रतींमध्ये रंग ४:२:० असतो, म्हणजे उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची, रंगाची मात्र चार पिक्सेलमागे एक. लालभडक गुलाल, लाल टायटल, पैठणीचा काठ यांच्या कडा म्हणून फिसकटलेल्या दिसतात. बिटरेट वाढवून हे जात नाही. टायटल लाल ठेवायचंच असेल तर अक्षरांना पातळ पांढरी किंवा काळी कड द्या.

आता मोड. 'सीबीआर' म्हणजे पूर्ण वेळ एकच बिटरेट, तो थेट प्रक्षेपणासाठी. आपल्याला 'व्हीबीआर', म्हणजे गरजेप्रमाणे बदलता बिटरेट, हवं. आकार नेमका पाळायचा असेल तर दोन पासचं, म्हणजे व्हिडिओ दोनदा वाचून काढलेलं. हँडब्रेकमध्ये आकाराची फिकीर नसेल तर 'कॉन्स्टंट क्वालिटी' घ्या, एच.२६४ला आरएफ १८ ते २०. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाईल मोठी. हे उलटं वाटतं आणि बरेच जण इथे चुकतात.

ग्राफिक्स कार्डाकडून एन्कोडिंग करून घेतलं तर वेळ खूप वाचतो, पण त्याच बिटरेटला सॉफ्टवेअर एन्कोडिंगचं चित्र थोडं स्वच्छ येतं. प्रीमियरमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवडल्यावर दोन पासचा पर्याय मिळत नाही. यूट्यूबसाठी हार्डवेअर चालवा, घरात जपून ठेवायच्या पेनड्राइव्हसाठी सॉफ्टवेअर.

एच.२६५ त्याच दर्जाला एच.२६४च्या तुलनेत एक तृतीयांश ते निम्मी जागा वाचवतं. ४केला ते घ्यावं, पण समोरचं यंत्र ते वाचतं याची खात्री असेल तरच. १०८०पीसाठी जुन्या उपकरणांची जोखीम घेण्याइतकी ती बचत मोठी नाही.

## टप्पा ५: मास्टरमधून प्रती

### टीव्हीसाठी पेनड्राइव्ह

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात, म्हणून इथे सावकाश.

सगळ्यात सुरक्षित जुळणी: एमपी४, एच.२६४, प्रोफाईल हाय, लेव्हल ४.१, १९२०×१०८०, २५ फ्रेम, प्रोग्रेसिव्ह, ८ बिट ४:२:०, १२ ते १६ मेगाबिट. आवाज एएसी (आवाज दाबायचा कोडेक), स्टिरिओ, ४८ किलोहर्ट्झ, ३२० किलोबिट. ५० फ्रेम ठेवायच्या असतील तर लेव्हल ४.२ लागते आणि काही जुने टीव्ही तिथे अडतात. एच.२६४ असूनही १० बिट असेल तर बहुतेक टीव्ही उघडत नाहीत, हे मुद्दाम तपासा.

आता पेनड्राइव्हची फॉरमॅटिंग. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणा की ऑनलाइन मागवा, ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ मध्ये असतात आणि फॅट३२ वर एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. पेनड्राइव्हवर २५ जीबी मोकळे असले तरी कॉम्प्युटर 'फाईल खूप मोठी आहे' म्हणतो तो यामुळे. १२ मेगाबिटला ही मर्यादा सुमारे ४६ मिनिटांत गाठली जाते.

दोन वाटा आहेत. एक, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणं. नव्या टीव्हीवर चालतं, जुन्यावर पेनड्राइव्ह दिसतच नाही. दुसरी, आणि आमच्या मते बरी: व्हिडिओचे तुकडे करणं. साखरपुडा आणि हळद, लग्नविधी, स्वागत समारंभ असे भाग करा, १२ मेगाबिटला प्रत्येकी ४० मिनिटांच्या आतले, १६ ला अर्ध्या तासाचे. घरच्यांनाही तेच सोयीचं पडतं. आजीला सप्तपदी बघायची असते, त्यासाठी तिने दोन तास रिमोट दाबत बसायचं का?

फाईलची नावं रोमन अक्षरांत, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे टाकून ठेवा. काही टीव्हींवर देवनागरी नावाचे चौकोन होतात आणि क्रम बिघडतो. कॉपी झाल्यावर पेनड्राइव्ह 'इजेक्ट' करूनच काढा. टक्केवारी शंभर दिसली तरी लिहिणं पाठीमागे चालू असू शकतं.

### यूट्यूब

यूट्यूब तुमची फाईल पुन्हा एन्कोड करतंच. म्हणून वर चढवायची प्रत सढळ हाताने काढा. यूट्यूबची स्वतःची शिफारस २४ ते ३० फ्रेमसाठी १०८०पीला ८ मेगाबिट, १४४०पीला १६, ४केला ३५ ते ४५. ५० किंवा ६० फ्रेमला साधारण दीडपट. हे किमान धरा, इंटरनेट चांगलं असेल तर दुप्पट द्या. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, ३८४ किलोबिट. सोय असेल तर प्रोरेस मास्टर थेट चढवला तरी यूट्यूब घेतं.

मिरवणुकीसारखं गजबजलेलं चित्र असेल तर १०८०पीची टाइमलाइनसुद्धा ४केमध्ये मोठी करून चढवा. बारकावे नवे येत नाहीत, पण मोठ्या रिझोल्यूशनला यूट्यूब जास्त बिट देतं आणि गुलाल कमी फुटतो.

> घाई नको. चढवल्याबरोबर आधी हलकी आवृत्ती दिसते, एचडी आणि ४के मागाहून तयार होतात. ती धूसर आवृत्ती बघून पुन्हा एक्स्पोर्ट मारत बसू नका. काही वेळाने गिअरच्या खुणेत दर्जा तपासा.

### रील आणि व्हॉट्सॲप

रील १०८०×१९२०, ३० फ्रेमपर्यंत, एच.२६४, १० ते १५ मेगाबिट. खालच्या आणि उजव्या कडेला बटणं येतात, तिथे मजकूर नको.

इथली खरी चूक पोहोचवण्यात आहे. एडिटर रील व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवतो, व्हॉट्सॲप ते दाबतं, क्लायंट तेच इन्स्टाग्रामवर टाकतो, इन्स्टाग्राम आणखी दाबतं. मग "तुमचं रील ब्लर आहे". पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते. घरच्या ग्रुपवर मात्र डॉक्युमेंट कोणी उघडत नाही. तिथे ७२०पी, २ मेगाबिटची वेगळी हलकी प्रत द्या, मिनिटाला १५ एमबी.

### कार्यालयातली एलईडी भिंत

ऑपरेटरला फूट विचारू नका, पिक्सेल विचारा. उदाहरणार्थ, ३.९१ मिलिमीटर पिचच्या ५०० मिलिमीटरच्या चौकोनी पॅनलवर १२८×१२८ पिक्सेल असतात. असे आडवे ८ आणि उभे ५ पॅनल म्हणजे चार मीटर बाय अडीच मीटरची भव्य भिंत, पण पिक्सेल अवघे १०२४×६४०. तिथे ४के फाईल नेली तर लॅपटॉप धापा टाकतो आणि प्रेक्षकाला फरक दिसत नाही. नेमक्या पिक्सेलमध्ये टाइमलाइन बनवा. बारीक अक्षरं भिंतीवर वाचता येत नाहीत.

ऑपरेटर रेझोल्यूम (पडद्यावर व्हिडिओ चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असेल तर डीएक्सव्ही कोडेकमध्ये प्रत द्या. नसेल तर एच.२६४, १५ ते २० मेगाबिट, कीफ्रेमचं (पूर्ण फ्रेमचं) अंतर एक सेकंदाच्या आत. एच.२६४मध्ये मध्येच उडी मारली की मशीनला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथून उलगडत यावं लागतं, आणि वधूच्या एंट्रीला नेमका तोच झटका दिसतो.

### थिएटर आणि महोत्सव

पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) असो की कॉलेजची लघुपट स्पर्धा, नियमावलीतल्या तांत्रिक अटी एडिटिंग सुरू करण्याआधी वाचा. थिएटरला डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) लागतं: जेपीईजी २०००ची चित्रं, १२ बिट, एक्सवायझेड रंग, बिटरेट जास्तीत जास्त २५० मेगाबिट, आवाज २४ बिट ४८ किलोहर्ट्झ. २के फ्लॅट म्हणजे १९९८×१०८०, स्कोप म्हणजे २०४८×८५८. १९२०×१०८०चा चित्रपट फ्लॅटमध्ये बसवला की दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतात. त्या तशाच राहू द्या, ताणून भरू नका, चेहरे रुंद होतात.

डीसीपीचा सर्वमान्य वेग २४ फ्रेम. २५ वर शूट केलं असेल तर चित्रपट ४ टक्के हळू करावा लागतो आणि आवाजाची पट्टीही सांभाळावी लागते. म्हणून थिएटर डोक्यात असेल तर पहिल्या दिवसापासून २४. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या मशीनवर डीसीपी बनवतं, त्याला प्रोरेस एचक्यू मास्टर द्या. यूट्यूबसाठी काढलेला एमपी४ मोठ्या पडद्यावर टाकला की अंधाऱ्या दृश्यांत चौकोनांची पळापळ दिसते.

## टप्पा ६: आवाज

मास्टरमध्ये आवाज पीसीएम (न दाबलेला), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एएसी फक्त प्रतींमध्ये. बाहेरून घेतलेलं गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं असेल तर ते टाइमलाइनवर चालतं, पण एक्स्पोर्ट ४८ वरच.

शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ढोल-ताशाचा आवाज शून्याला टेकवून ठेवला की एएसीत दाबताना तो शून्याच्या वर जातो आणि टोल फाटका येतो. मास्टरवर लिमिटर लावा. यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास पुरते. त्याहून मोठ्याने चढवलंत तर यूट्यूब स्वतःच खाली आणतं.

कॉलर माइक एकाच चॅनलवर रेकॉर्ड झालेला असतो. तो दोन्ही चॅनलवर पसरवला नाही तर हेडफोनमध्ये गुरुजी फक्त डाव्या कानात मंत्र म्हणतात.

## टप्पा ७: तपासणी

व्हीएलसीवर फाईल चालली म्हणजे झालं असं नाही. व्हीएलसी जवळपास काहीही चालवतं, त्यामुळे परीक्षेसाठी ते निरुपयोगी. फाईल आधी मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि कोडेक, प्रोफाईल, बिट डेप्थ, फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' आहे का, आवाजाचा कोडेक आणि सॅम्पल रेट हे कागदावरच्या यादीशी ताडून बघा.

मास्टर एकदा पूर्ण बघा, पळवत नाही. प्रतींमध्ये पहिलं मिनिट, शेवटचं मिनिट, सगळ्यात गजबजलेलं दृश्य आणि सगळ्यात अंधारं दृश्य बघा. मग प्रत्यक्ष उपकरणावर: पेनड्राइव्ह खऱ्या टीव्हीला लावून, शक्यतो घरातल्या सगळ्यात जुन्या.

काही बिघडलं तर:

- आवाज येतो, चित्र नाही: एच.२६५ किंवा १० बिट. ८ बिट एच.२६४मध्ये पुन्हा काढा.
- चित्र येतं, आवाज नाही: आवाज पीसीएम किंवा टीव्हीला न कळणाऱ्या कोडेकमध्ये आहे. एएसी करा, चित्र पुन्हा एन्कोड करायची गरज नसते.
- माणसं उभट किंवा रुंद: पिक्सेल अ‍ॅस्पेक्ट रेशो चुकलाय. एक्स्पोर्टमध्ये चौकोनी पिक्सेल, १.० ठेवा. जुन्या १४४०×१०८० फुटेजमध्ये हे हमखास होतं.
- मध्येच एखादी हिरवी किंवा काळी फ्रेम: बहुधा ग्राफिक्स कार्डाची चूक. तोच भाग सॉफ्टवेअर एन्कोडिंगने काढा, ड्रायव्हर नंतर बघा.
- मॅकवर रंग फिके, फोनवर ठीक: क्विकटाइम प्लेअर गॅमा वेगळा दाखवतो. टीव्ही आणि फोनवर बरोबर दिसत असेल तर ग्रेडला हात लावू नका.

क्लायंटने पेनड्राइव्ह बघून होकार कळवेपर्यंत मास्टर दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू नका.